चित्रपटपूर्व सूचनाचित्रे (ग्रामीण विदर्भ)

चित्रपट सुरू होण्यापूर्वी व रिळे बदलताना पडद्यावर दाखवली जाणारी, प्रेक्षकांनी कसे वागावे हे सांगणारी चित्रे. बिडी-सिगारेट ओढू नये, गलका करू नये, पडद्यापुढे उभे राहू नये, खिसेकापूंपासून सावध असावे, असा त्यांचा आशय असे. काचेवरची स्थिर ‘स्लाइड’ आणि फिल्मपट्टीवरचे हलते व्यंगचित्र हे त्यांचे दोन प्रकार. यात्रांमधून फिरणाऱ्या तंबूतल्या टॉकीजमध्ये पहिला प्रकार सर्रास, दुसरा क्वचित. हलती सूचनाचित्रे आज जवळजवळ पूर्णपणे नष्ट झाली आहेत.

उगम : याविषयी दोन मते संभवतात. पहिल्या मतानुसार ही चित्रे भारतीय ॲनिमेशनची उपशाखा ठरतात. दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात एकेक चौकट (फ्रेम) टिपून आगकाड्या हलत्या दाखवल्या. हा लघुपट कोणी १९१४, तर कोणी १९१५ मधला मानतात; तो आज उपलब्ध नाही. पुढे १९३४ च्या सुमारास प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ हे व्यंगचित्र काढले. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यास व्यंगपट विभाग सुरू झाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथे भारतीय चित्रकारांना प्रशिक्षण दिले. ॲनिमेशनकार राम मोहन हे त्याच पिढीतले. अमेरिकेत शिकागोची फिल्मॅक ही कंपनी चित्रपटगृहांसाठी अशा छोट्या पट्ट्या पुरवीत असे. तिची ‘लेट्स ऑल गो टू द लॉबी’ (सु. १९५७) ही पट्टी २००० मध्ये तेथील राष्ट्रीय चित्रपट सूचीत घेतली गेली. आपल्याकडच्या पट्ट्यांच्या वाट्याला असे जतन आले नाही.

दुसरे मत ही परंपरा जादूच्या कंदिलापर्यंत, म्हणजे काचेवरचे चित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडणाऱ्या यंत्रापर्यंत, मागे नेते. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. रंगवलेल्या काचा सरकवून चित्रातल्या आकृती हलवण्याची करामत त्यांत होती. म्हणजे पडद्यावरचे चित्र हलवण्यासाठी फिल्मच लागते असे नाही. ग्रामीण विदर्भापुरते पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

त्याचे पहिले कारण यांत्रिक आहे. तंबूत बहुधा एकच प्रोजेक्टर असे. हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटांत संपे आणि दुसरे चढेपर्यंत पडदा मोकळा राही. तेवढ्या वेळात प्रेक्षक उठू नयेत, पोरांनी पडद्यामागे पळू नये, म्हणून काहीतरी दाखवणे भाग होते आणि त्यासाठी स्लाइडचा कंदील सोयीचा होता. काचेवर काळा रंग चढवायचा, तो टोकदार खिळ्याने खरवडून अक्षरे व आकृती काढायच्या, मागे रंगीत जिलेटिन कागद लावायचा, एवढ्यावर स्लाइड तयार होई. ती गावच्या पेंटरलाही जमे.

दुसरे कारण कायद्याचे आहे, आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ अधिनियमाचा संबंध हलत्या चित्रांशी आहे. फिल्मपट्टी कितीही छोटी असली तरी तिला प्रमाणपत्र हवे. स्थिर काचेला नको. त्यामुळे हलती पट्टी मोठ्या शहरातील निर्मात्याकडूनच येई, स्लाइड मात्र मुक्कामी बनवता येई. याच भेदामुळे स्लाइडची प्रमाणपत्रांच्या दप्तरात नोंद राहिली नाही. अभ्यासकांनी तिला चित्रपट-इतिहासाबाहेर ठेवले, ते याच कारणाने असावे. ती उपेक्षा अन्यायकारक आहे.

भाषा : ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्यात हिंदी व मराठी दोन्ही राजभाषा होत्या. चित्रपट-वितरणात तर ‘सी.पी.-बेरार’ (मध्य प्रांत व वऱ्हाड) हे विभागनाम राज्य गेल्यावरही टिकले. अमरावती हे त्याचे प्रमुख ठाणे. सूचनांत ‘धूम्रपान मना है’ आणि ‘धूम्रपान करू नये’ शेजारी-शेजारी नांदत ते यामुळे. भोंग्यावरून मात्र ‘बिड्या इझवा’ असे वऱ्हाडी बोल चालत. भंडारा-गोंदिया हा बिडी वळणाऱ्यांचाच मुलूख, त्यामुळे तिकडे ही सूचना पाळून घेणे सोपे नव्हते.

या सूचनेमागे तेव्हा आरोग्याचा विचार नव्हता, धास्ती आगीची होती. सु. १९५१ पर्यंत फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती पेटली की विझवणे जवळजवळ अशक्य. त्यात वर कापडी तंबू, खाली तणस, आणि प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या कांड्यांची ज्योत.

नाश : ३५ मिमी. फिल्म सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट धावते. अर्ध्या मिनिटाच्या पट्टीत ४५ फूट व ७२० चौकटी येतात. ही पट्टी रिळाच्या तोंडाशी जोडलेली असे आणि सर्वाधिक ताण व ओरखडे तिथेच बसतात. तुटले की ऑपरेटर दोन-तीन चौकटी कापून फिल्म-सिमेंटने (फिल्म चिकटवण्याच्या द्रवाने) सांधा मारी. प्रत्येक सांध्यागणिक व्यंगचित्रातील हालचाल हिसक्याने पुढे सरके आणि अखेर पट्टी दाखवण्याजोगी राहत नसे. जुन्या कृष्णधवल प्रती पुढे चांदी काढण्यासाठी भंगारात गेल्या, त्यांना जोडलेल्या पट्ट्याही त्यांच्यासोबत गेल्या. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. २००३ च्या आगीत तेथील बराच नायट्रेट साठा जळाला. काचेच्या स्लाइड त्या मानाने टिकाऊ. बंद पडलेल्या टॉकीजच्या कपाटांत त्या सापडू शकतात. त्यांची जिल्हावार नोंद तातडीने व्हायला हवी.

१९८० च्या दशकात व्हिडिओ आला आणि सूचनाचित्रे विरळ झाली. पूर्व विदर्भात झाडीपट्टीच्या नाटकांत ध्वनिक्षेपकावरील सूचनांची रीत चालू राहिली. २ ऑक्टोबर २०१२ पासून तंबाखूची दृश्ये असलेल्या चित्रपटांच्या आरंभी व मध्यावर किमान ३० सेकंदांची आरोग्यसूचना दाखवणे बंधनकारक झाले. ती डिजिटल प्रतीबरोबरच येते. गावच्या पेंटरला वा ऑपरेटरला तिच्यात काही घालता-काढता येत नाही.