लॅटिनच्या विभक्ती: सहा रकाने आणि पाच वर्ग आले कुठून?

‘बस’ हे नाव म्हणजे निव्वळ एक विभक्तिप्रत्यय आहे. लॅटिनमध्ये ‘ओम्निस’ म्हणजे सर्व आणि ‘ओम्निबुस’ म्हणजे सर्वांसाठी. 1820च्या दशकात फ्रान्समध्ये कोणालाही बसता येईल अशा घोडागाड्यांना हे नाव मिळाले. पुढे मूळ शब्द गळाला आणि चतुर्थी अनेकवचनाचे शेपूट तेवढे रस्त्यावर धावत राहिले. हा ‘-बुस’ आणि ‘देवेभ्यः’मधला ‘-भ्यः’ एकाच कुळातले. दोन्हीकडे चतुर्थी आणि पंचमीच्या अनेकवचनाला एकच रूप चालते.

लॅटिन आणि संस्कृत ज्या मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यात संबोधन धरून आठ विभक्ती होत्या असे मानतात. संस्कृतने त्या सगळ्या राखल्या, लॅटिनच्या हाती सहा उरल्या. पण बाकीच्यांची कामे संपली नाहीत. तृतीया आणि सप्तमी पंचमीच्या घरात राहायला आल्या आणि त्या एकत्र कुटुंबाला ‘आब्लातिवुस’ म्हणतात. म्हणून ‘ग्लादिओ’ म्हणजे तलवारीने, ‘अब उर्बे’ म्हणजे शहरातून आणि ‘इन उर्बे’ म्हणजे शहरात. विभक्ती मात्र एकच. गोंधळ टाळायला शब्दयोगी अव्यये पुढे आली. मराठी माणूस इथे हमखास चुकतो, कारण आपला ‘ने’ शिपायालाही लागतो आणि तलवारीलाही. लॅटिन कर्मणी प्रयोगात साधन नुसत्या आब्लातिवुसमध्ये येते, पण कर्ता माणूस असेल तर आधी ‘आ’ किंवा ‘अब’ हवाच. दुसरी चूक ‘ला’ची. ‘मुलाला पाहतो’ इथे द्वितीया, म्हणजे ‘पुएरुम’. ‘मुलाला देतो’ इथे चतुर्थी, म्हणजे ‘पुएरो’.

सप्तमी अगदीच नाहीशी झाली नाही. गावांची नावे आणि काही घरगुती शब्द यांत ती टिकली: ‘रोमाए’ म्हणजे रोममध्ये, ‘दोमी’ घरी, ‘रुरी’ खेड्यावर. ‘रोमाए’ षष्ठीसारखेच दिसत असल्याने नवशिके त्याचा अर्थ ‘रोमचा’ करून बसतात.

जुनी रूपे कोरीव लेखांतून सापडतात. इ.स.पू. 186 मध्ये रोमच्या सेनेटने बाक्कुस देवाच्या उत्सवांवर निर्बंध घातले. त्या हुकुमाच्या कांस्यपटावर ‘सेनेटच्या मतानुसार’ हे शब्द ‘दे सेनातुओस सेन्तेन्तिआद’ असे आहेत. नंतरच्या लॅटिनमध्ये त्याचेच ‘दे सेनातूस सेन्तेन्तिआ’ झाले. षष्ठीतला ‘-उओस’ आक्रसून दीर्घ ‘ऊस’ झाला आणि पंचमीच्या शेवटचा ‘द’ गळून पडला. रोमन सेनानी स्किपिओ बार्बातुसच्या थडग्यावरील ‘ग्नाइवोद’मध्येही हाच ‘द’ आहे, आणि ‘रामात्’मधला ‘त्’ त्याचा सख्खा भाऊ.

विभक्तींची नावे ग्रीकांकडून आली. ग्रीक व्याकरणकार विभक्तीला ‘प्तोसिस’, म्हणजे पडणे, म्हणत. रोमनांनी त्याचे सरळ ‘कासुस’ केले. द्वितीयेच्या ग्रीक नावाचा रोख ‘ज्यावर क्रियेचा परिणाम होतो ते’ याकडे होता, पण त्याच धातूचा आरोप करण्याशीही संबंध होता. रोमनांनी तोच अर्थ धरला आणि द्वितीया कायमची ‘आरोप करणारी’, म्हणजे ‘आक्कुसातिवुस’, ठरली. आब्लातिवुस ग्रीकमध्ये नव्हतीच, म्हणून रोमन विद्वान वार्रो (इ.स.पू. 116–27) तिला खास लॅटिनची सहावी विभक्ती म्हणतो.

नामांचे वर्ग पाडताना वार्रोने याच सहाव्या विभक्तीचा अंत्य स्वर आधाराला घेतला. आज शिकवले जाणारे पाच वर्ग मात्र षष्ठी एकवचनावर बेतलेले आहेत: ‘-आए’, ‘-ई’, ‘-इस’, ‘-ऊस’, ‘-एई’. इ.स. 500च्या सुमारास कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये शिकवणाऱ्या प्रिस्किआनुसच्या अठरा भागांच्या व्याकरणामुळे ही मांडणी रुजली. षष्ठीच का? कारण प्रथमा मूळ अंग लपवते. ‘रेक्स’ (राजा) पाहून ‘रेगिस’ सुचत नाही, ‘मिलेस’ (सैनिक) पाहून ‘मिलितिस’ सुचत नाही. म्हणून शब्द पाठ करायचा तो जोडीनेच: प्रथमा, षष्ठी आणि सोबत लिंग. षष्ठीचा प्रत्यय काढला की अंग हाती येते आणि बाकीचे प्रत्यय त्यालाच लागतात.

‘गेनुस’ची (कूळ, प्रकार) षष्ठी ‘गेनेरिस’ होते, तीही लहरीने नव्हे. संस्कृत ‘जनस्–जनसः’ शेजारी ठेवा. दोन स्वरांमधल्या ‘स’चा लॅटिनमध्ये ‘र’ झाला. हा बदल इ.स.पू. चौथ्या शतकापर्यंत पुरा झाला होता.

सर्वांत त्रास देतो तो तिसरा वर्ग, कारण तो मुळात दोन वर्गांची खिचडी आहे. व्यंजनान्त नामांची षष्ठी अनेकवचन ‘-उम’ (रेगुम) आणि इकारान्तांची ‘-इउम’ (‘किविस’ म्हणजे नागरिक, त्याचे किविउम). ‘कानिस’ (कुत्रा) आणि ‘युवेनिस’ (तरुण) हे दिसायला ‘किविस’सारखे, पण रूपे ‘कानुम’, ‘युवेनुम’. पाठ्यपुस्तके त्यांना अपवाद म्हणून मोकळी होतात. खरे तर ते जुने नकारान्त शब्द, म्हणजे आपले ‘श्वन्’ आणि ‘युवन्’. पाणिनीलाही हे दोघे एकाच सूत्रात, इंद्रवाचक मघवन्‌च्या पंगतीला बसवावे लागले: ‘श्वयुवमघोनामतद्धिते’.

रकान्यांचा क्रम हा निव्वळ शिक्षकांचा मामला. चौथ्या शतकातल्या रोमन व्याकरणकार दोनातुसच्या क्रमात प्रथमेनंतर षष्ठी येते आणि अमेरिकी पुस्तकांत ती अजून तिथेच आहे. ब्रिटिश शाळांत बेंजामिन हॉल केनेडीच्या एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांमुळे प्रथमा, संबोधन, द्वितीया असा क्रम रूढ झाला. त्यात सारखी रूपे शेजारी येतात आणि पाठांतर हलके होते. दोन देशांची पुस्तके एकदम वापरणाऱ्याने तक्ता वाचण्याआधी रकान्यांची नावे पाहावीत.

बोलभाषेत हा डोलारा प्रत्ययांच्या टोकापासून ढासळला. शेवटचा ‘म’ उच्चारातून गेला, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुसला, आणि ‘आ’कारान्त नामांची प्रथमा, द्वितीया व आब्लातिवुस ऐकायला एकच झाली. छोटे वर्गही मोठ्यांत विरघळले. ‘आप्पेन्दिक्स प्रोबी’ या 227 दुरुस्त्यांच्या यादीत ‘नुरुस म्हणा, नुरा नव्हे, सोक्रुस म्हणा, सोक्रा नव्हे’ अशी तंबी आहे. ‘नुरुस’ म्हणजे सून आणि ‘सोक्रुस’ म्हणजे सासू. संस्कृतातल्या ‘स्नुषा’ आणि ‘श्वश्रू’ याच. त्या चौथ्या वर्गातून उठून पहिल्या वर्गात जाऊन बसल्या होत्या. तंबीचा उपयोग झाला नाही: इटालियन भाषेत सून आज ‘नुओरा’ आहे आणि स्पॅनिशमध्ये ‘नुएरा’.