दालीची घड्याळं आणि आइनस्टाइन: एक खुलासा

नाशिकमध्ये कॉलेज रोडच्या कॅफेत किंवा एखाद्या चित्रकलेच्या क्लासच्या भिंतीवर स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीची वितळणारी घड्याळं दिसली, की कुणीतरी हमखास सांगतं, 'आइनस्टाइनचा सापेक्षतावाद, म्हणजे काळ सगळीकडे सारखा वाहत नाही हा सिद्धांत, वाचून काढलंय हे.' मुलंही तेच पाठ करतात. पण दालीने स्वतः सांगितलेली हकिगत वेगळी आहे.

ती त्याच्या १९४२च्या आत्मचरित्रात आहे. १९३१ची एक संध्याकाळ. जेवणाच्या शेवटी कॅमेम्बेर हे मऊ, पाघळणारं चीज खाऊन झालेलं. डोकं दुखत होतं म्हणून तो घरी थांबला. त्याची सहचरी गाला मित्रांबरोबर सिनेमाला गेली. स्पेनमधल्या पोर्ट लिगात गावाच्या किनाऱ्याचं दृश्य आधीच रंगवून तयार होतं, पण त्यात काय घालावं हे सुचत नव्हतं. झोपायला जाण्याआधी चित्राकडे पाहताना त्याला अचानक मऊ घड्याळं दिसली. गाला परतेपर्यंत चित्र झालं होतं.

दालीला गोष्टी रंगवून सांगायची हौस होती, हे मान्य. पण पुढे शास्त्रज्ञ इल्या प्रिगोजिन यांनी थेट सापेक्षतेबद्दलच विचारलं, तेव्हाही त्याने उन्हात वितळणाऱ्या कॅमेम्बेरचंच नाव घेतलं.

भौतिकशास्त्राचं वेड त्याला खरंच लागलं, पण १९४५च्या अणुबॉम्बनंतर. १९५२ ते १९५४ दरम्यान त्याने हाच देखावा विखुरलेल्या ठोकळ्यांत पुन्हा रंगवला. विज्ञान शोधायचं तर तिथे शोधावं.

आणि भिंतभर पोस्टर पाहून फसू नका: न्यूयॉर्कच्या संग्रहालयातलं मूळ चित्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरचं आहे.