सरेचा अर्ल, हेन्री हॉवर्ड

सरेचा अर्ल, हेन्री हॉवर्ड : (सु. १५१७ – १९ जानेवारी १५४७). ट्यूडर काळातील इंग्लिश उमराव, सेनानी आणि कवी. आठव्या हेन्रीने वधस्तंभाकडे पाठवलेल्या नामांकित माणसांतला हा शेवटचा. त्याच्यानंतर नऊच दिवसांनी राजाही वारला.

हॉवर्ड घराण्याचे नशीब राजघराण्याशी बांधलेले होते. हेन्री हॉवर्डचा पणजोबा, नॉरफोकचा पहिला ड्यूक, १४८५ मध्ये बॉसवर्थला तिसऱ्या रिचर्डच्या बाजूने लढताना पडला, आणि त्याच लढाईने ट्यूडर गादीवर आले. हिरावलेली ड्यूकपदवी आजोबाने १५१३ च्या फ्लॉडनच्या विजयानंतर परत मिळवली. आईचे वडील, बकिंगहॅमचा ड्यूक, १५२१ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून मारले गेले. राणी ॲन बोलिन ही हेन्रीची आतेबहीण आणि राणी कॅथरिन हॉवर्ड चुलत बहीण. दोघींचाही शिरच्छेद झाला, आणि ॲनच्या खटल्यात तर हेन्री वडिलांचा प्रतिनिधी म्हणून स्वतः बसला होता.

त्याचे किशोरवय विंडसरच्या किल्ल्यात गेले. राजाचा अनौरस मुलगा हेन्री फिट्झरॉय, रिचमंडचा ड्यूक, हा त्याचा जिवलग सोबती. १५३२ मध्ये दोघे फ्रान्सला गेले आणि वर्षभर तिथल्या दरबारात राहिले. परतल्यावर फिट्झरॉयचे लग्न हेन्रीच्या बहिणीशी, मेरीशी झाले. हेन्रीचे स्वतःचे लग्न ऑक्सफर्डच्या अर्लच्या मुलीशी, फ्रान्सिसशी आधीच ठरले होते. त्यांना पाच मुले झाली. फिट्झरॉय १५३६ मध्ये ऐन तारुण्यात गेला. पुढच्या वर्षी एका दरबाऱ्यावर हात उगारल्याबद्दल हेन्रीला कैद झाली, तीही त्याच विंडसरमध्ये. तिथे त्याने लिहिलेली कविता त्याची सर्वांत हृद्य रचना म्हणावी लागेल. अंगरखे उतरवून दोघे चेंडू खेळत. वर गच्चीवर उभ्या मुलींकडे नजर जाई आणि चेंडू हुके. अशा लहान लहान आठवणींतून मित्र गेल्याचे दुःख तो सांगतो.

स्वभाव मानी आणि तापट होता. १५४३ मध्ये उपवासाच्या पर्वात मांस खाल्ले आणि रात्री गलोलीने लंडनकरांच्या खिडक्या फोडल्या, म्हणून त्याला पुन्हा तुरुंगात जावे लागले. १५४४ मध्ये फ्रान्समधील माँत्रयच्या वेढ्यात तो जखमी झाला. पुढे इंग्लिशांनी जिंकलेल्या बुलोन या फ्रेंच बंदराचा ताबा त्याच्याकडे आला, पण जानेवारी १५४६ मध्ये फ्रेंचांनी त्याच्या सैन्याला मार दिला आणि लवकरच त्याच्या जागी युवराजाचा मामा, हर्टफर्डचा अर्ल एडवर्ड सीमोर आला. या माघारीने हॉवर्डांचे पारडे हलके झाले.

राजा खंगत चालला होता, युवराज नऊ वर्षांचा होता, आणि राज्य कुणाच्या हाती जाणार हा प्रश्न सीमोर आणि हॉवर्ड या दोन्ही गोटांना भेडसावत होता. डिसेंबर १५४६ मध्ये हेन्री आणि त्याचे वडील पकडले गेले. मुख्य आरोप ढालीवरच्या चिन्हाचा होता. पूर्वीचा राजा एडवर्ड द कन्फेसर याची निशाणी हेन्रीने आपल्या ढालीत घेतली होती आणि त्यातून तो गादीवर हक्क सांगतो, असे म्हटले गेले. पूर्वज मोब्रे यांना ती निशाणी दुसऱ्या रिचर्डने दिली होती, हे त्याचे उत्तर खोटे नव्हते. सख्ख्या बहिणीची, मेरीची जबानीही त्याच्याविरुद्ध वापरली गेली. वडील हयात असल्याने ‘अर्ल’ ही त्याची पदवी केवळ मानाची होती. त्यामुळे उमरावांपुढे नव्हे, तर १३ जानेवारी १५४७ रोजी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये सामान्य ज्युरीपुढे त्याचा खटला चालला. सहा दिवसांनी टॉवर हिलवर त्याचे शिर उडवले. वडिलांची पाळी २८ तारखेला होती. पहाटे राजा मेला म्हणून ते वाचले.

या तीस वर्षांच्या आयुष्यात त्याने इंग्लिश कवितेला दोन चाकोऱ्या घालून दिल्या. ज्येष्ठ कवी टॉमस वायट याने इटलीतून सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, आणले होते. पण इटालियनइतकी यमके इंग्लिशमध्ये सहज मिळत नाहीत. हेन्रीने चार-चार ओळींची तीन कडवी आणि शेवटी दोन सयमक ओळी अशी मोकळी बांधणी केली. हीच पुढे शेक्सपियरने वापरली. सुनीत हा काव्यप्रकार मराठीत केशवसुतांनी आणला, त्याच्या इंग्लिश वाटचालीत हा टप्पा महत्त्वाचा. दुसरी देणगी त्याहून मोठी : रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’ या महाकाव्याच्या दुसऱ्या व चौथ्या सर्गाचा त्याने केलेला अनुवाद. त्यात पाच आघातांची निर्यमक ओळ इंग्लिशमध्ये प्रथम आली, आणि एलिझाबेथकालीन नाटक तिच्यावरच उभे राहिले. वायटवरची शोककविता वगळता यातले फार थोडे त्याच्या हयातीत छापले गेले. बऱ्याच कविता १५५७ मध्ये रिचर्ड टॉटेलने संग्रहात घेतल्या.

थोरला मुलगा टॉमस, नॉरफोकचा चौथा ड्यूक, हाही १५७२ मध्ये देहदंडाला सामोरा गेला. धाकट्या मुलाने, नॉर्थॅम्प्टनच्या अर्लने, वडिलांचे अवशेष लंडनहून हलवून १६१४ मध्ये सफकमधील फ्रॅमलिंगहॅमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये रंगीत समाधी बांधली. तिथल्या पुतळ्याच्या डोक्यावर मुकुट नाही. तो बाजूला उशीवर ठेवला आहे. फिट्झरॉयची समाधीही याच चर्चमध्ये आहे.