फटी बुजवण्याचं शास्त्र आणि मुकादमाची परीक्षा

हजार चौरस फुटांचा एक पोटमाळा घ्या. अमेरिकेतल्या थंड प्रदेशात छताखालच्या या माळ्यावर इन्सुलेशनचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या मालाचा, जाड थर देतात. थराची ताकद 'आर' या आकड्यात मोजतात. आकडा मोठा, तितकी उष्णता कमी निसटते. समजा कामगारांनी 950 चौरस फुटांवर आर-38 चा चोख थर दिला. पण माळ्यावर चढायचं झाकण, चिमणीलगतची जागा आणि छत उतरतं तिथली अडचणीची पट्टी मिळून 50 चौरस फूट तसेच राहिले. तिथे आर जेमतेम 2. उष्णता किती जाणार हे काढायला क्षेत्रफळाला आरने भागतात. 950 भागिले 38 म्हणजे 25. 50 भागिले 2 म्हणजेही 25. पाच टक्के जागेतून उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांइतकीच उष्णता निघून जाते आणि अख्ख्या माळ्याचा हिशेब आर-20 वर येतो. माल जवळजवळ सगळा लागला, मजुरी पुरी गेली, गुण मात्र निम्माच आला.

ते 50 चौरस फूट राहू न देणं ही ज्याची जबाबदारी, तो 'क्रू लीडर', म्हणजे कामावरचा मुकादम. जुन्या घरांतून वाया जाणारी ऊर्जा वाचवण्याच्या कामात, ज्याला तिकडे वेदरायझेशन म्हणतात, हा माणूस सगळ्यात महत्त्वाचा आहे असं माझं ठाम मत आहे. ऑडिटर, म्हणजे घरातून ऊर्जा कुठे वाया जाते ते तपासणारा, येतो, मोजमापं घेतो, कामांची यादी देऊन जातो. शेवटी तपासनीस येतो. मधले सगळे दिवस घर मुकादमाच्या हातात असतं.

या कामाचं मूळ 1973 च्या तेलसंकटात आहे. त्या हिवाळ्यात मेन या कडक थंडीच्या राज्यात गरीब कुटुंबांच्या खिडक्यांना प्लास्टिक लावायला, दाराखालच्या फटी बुजवायला स्वयंसेवक पुढे आले. 1976 साली अमेरिकी संसदेने कायदा करून वेदरायझेशन असिस्टन्स प्रोग्रॅम सुरू केला. कमी उत्पन्नाच्या घरांची दुरुस्ती सरकारी खर्चाने करायची, म्हणजे त्यांचं इंधनाचं बिल कायमचं उतरेल. आजवर सत्तर लाखांहून जास्त घरं या योजनेतून झाली. सुरुवातीच्या वर्षांत मात्र उपाय तात्पुरते होते आणि बचतही बेताचीच. कारण उष्णता नेमकी कुठून जाते हेच नीट कळलेलं नव्हतं.

ते कळायला न्यू जर्सीतल्या ट्विन रिव्हर्स वसाहतीची मोठी मदत झाली. सत्तरच्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट सोकोलो यांच्या गटाने तिथल्या एकसारख्या बांधणीच्या घरांत वर्षानुवर्षं मोजणी केली. गौतम दत्त हेही या गटात होते. त्यांना दिसलं की माळ्यातून जाणारी उष्णता पुस्तकी हिशेबाच्या कितीतरी पट जास्त आहे. इन्सुलेशन जागेवर होतं, पण दोन घरांमधल्या भिंतीतल्या पोकळ्या आणि पाइपांभोवतीच्या मोकळ्या जागांतून गरम हवा त्याला वळसा घालून थेट माळ्यावर चढत होती. खिडकीची फट डोळ्यांना दिसते, हाताला गार लागते, म्हणून सगळे तिच्या मागे लागतात. खरी गळती भिंतींच्या आत, माणूस कधी बघत नाही तिथे असते.

याचं कारण साधं आहे. गरम हवा हलकी. बाहेर कडाक्याची थंडी असली की तापवलेलं घर म्हणजे एक मोठी चिमणीच होते: वरच्या फटींतून गरम हवा बाहेर ढकलली जाते आणि तेवढीच गार हवा खालून आत ओढली जाते. दाबाचा हा फरक उंचीच्या दर मीटरला, तापमानातल्या दर अंशाच्या फरकाला साधारण 0.04 पास्कल. घर 6 मीटर उंच, आत-बाहेर 30 अंशांचा फरक, तर तळापासून माथ्यापर्यंत सुमारे 7 पास्कल. आकडा किरकोळ वाटतो, पण तो अख्खा हिवाळा रात्रंदिवस काम करत राहतो. म्हणून मुकादमाला पहिली शिकवण असते ती क्रमाची: आधी माळ्यातली भोकं बुजवा, मग इन्सुलेशन पसरा. उलट केलंत तर फूटभर मालाखाली भोकं गाडली जातात, पुन्हा कुणाच्या नजरेस पडत नाहीत आणि हवा त्या मालातून वाट काढत राहते.

गळती मोजण्याचं यंत्र म्हणजे ब्लोअर डोअर. ते 1977 च्या सुमारास स्वीडनमध्ये, आधी खिडकीत बसवायचा पंखा म्हणून वापरात आलं आणि 1979 साली प्रिन्स्टनला पोहोचलं. बाहेरच्या दाराच्या चौकटीत कापडी पडदा ताणून बसवतात आणि त्यात मोठा पंखा. घराची बाकी सगळी दारंखिडक्या बंद. पंखा हवा बाहेर फेकतो आणि घरातला दाब बाहेरच्यापेक्षा 50 पास्कलने खाली आणतो. 50 पास्कल म्हणजे पाण्याची जेमतेम 5 मिलिमीटर उंची. तेवढ्यानेही घरातली प्रत्येक फट बोलू लागते. विजेच्या बटणाच्या पेटीजवळ हात धरला तर गार झोत लागतो. माळ्याच्या झाकणाशी धुराची कांडी नेली तर तिथून येणारी हवा धूर खाली ढकलते.

हा दाब टिकवायला पंख्याला मिनिटाला किती घनफूट हवा फेकावी लागते, ती घराची गळती. समजा 1,500 चौरस फुटांचं, 8 फूट उंचीचं घर आहे, म्हणजे आत 12,000 घनफूट हवा. पंखा मिनिटाला 3,000 घनफूट दाखवतो. तासाला 1,80,000 घनफूट, म्हणजे 50 पास्कलला तासाभरात घरातली सगळी हवा पंधरा वेळा बदलते. रोजच्या स्थितीचा ढोबळ अंदाज हवा असेल तर याला 20 ने भागतात: तासाला पाऊण वेळा. पैसे देऊन तापवलेली तीन चतुर्थांश हवा दर तासाला बाहेर जाते आहे, न मागता, न कळता. हुशार मुकादम हे यंत्र सुरुवातीला आणि शेवटी लावतोच, शिवाय कामाच्या मध्येही लावतो. माळ्याचं काम झाल्यावर आकडा 3,000 वरून 2,900 वरच अडकला असेल, तर मोठं भोक अजून सापडलेलं नाही हे त्याला तिथेच कळतं. तोवर मजूर घरी गेलेले नसतात.

भिंतींचं काम मला विशेष आवडतं, कारण तिथे डोळे बंद करून काम करावं लागतं. जुन्या लाकडी घरांच्या भिंती आतून पोकळ असतात. बाहेरून भोकं पाडून, नळी आत सरकवून त्यात सेल्युलोज भरतात. हा माल म्हणजे जुन्या वर्तमानपत्रांचा भुगा, आग आणि कीड लागू नये म्हणून बोरेट मिसळलेला. तो घनफुटाला 3.5 पौंड इतका दाबून भरला तर खाली बसत नाही आणि हवाही अडवतो. सैल भरला तर वर्षाभरात खचतो आणि भिंतीचा वरचा भाग रिकामा राहतो. पण आतलं दिसणार कसं? मुकादम रिकाम्या पिशव्या मोजतो. 1,000 चौरस फूट भिंत, साडेतीन इंच खोल पोकळी, लाकडी खांब वगळून सुमारे 250 घनफूट. गुणिले 3.5 म्हणजे 875 पौंड. पिशवी 25 पौंडांची असेल तर 35 पिशव्या लागल्या पाहिजेत. 24 च लागल्या असतील, तर कुठेतरी आडवं लाकूड आडवं आलंय किंवा नळी तळापर्यंत पोहोचलेली नाही. मग तापमानातला फरक दाखवणारा इन्फ्रारेड कॅमेरा काढायचा आणि रिकामे कप्पे शोधायचे. गुणाकार-भागाकार आणि पिशव्यांचा ढीग, यात विज्ञान नाही असं कोण म्हणेल?

इथवर प्रश्न पैशांचा आणि उबेचा होता. यापुढे जिवाचा आहे.

अनेक जुन्या घरांत तळघरात गॅसचा वॉटर हीटर असतो. त्याचा धूर कुठल्याही पंख्याशिवाय, निव्वळ गरम हवेच्या ओढीने चिमणीतून वर जातो. ही ओढ अगदी नाजूक असते. आता घराच्या फटी बुजवल्या. मग स्वयंपाकघरातला पंखा, बाथरूमचा पंखा आणि कपडे वाळवायचं यंत्र एकाच वेळी सुरू झालं. तिन्ही हवा बाहेर फेकतात आणि आत यायला पूर्वीसारख्या फटी उरलेल्या नाहीत. मग हवा मिळेल तिथून येते, म्हणजे चिमणीतून उलटी. हीटरजवळचा दाब बाहेरच्यापेक्षा 2 पास्कलने खाली गेला तरी चिमणीला एकट्याच जोडलेल्या हीटरचा धूर घरात फिरू शकतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असेल तर तो दिसत नाही, वास येत नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. गॅस गिझर लावलेल्या बंद बाथरूममध्ये जीव गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात आपल्याकडेही येतात. त्यामागचं रसायन हेच.

म्हणून या कामात 'सर्वांत वाईट परिस्थिती'ची चाचणी करतात. सगळे पंखे चालू, आतली दारं दाब सर्वांत जास्त उतरेल अशा तऱ्हेने उघडी किंवा बंद, आणि मग हीटर पेटवून धूर वर जातो की बाहेर येतो हे पाहायचं. हवेतला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं उपकरण काम करणाऱ्याच्या अंगावर असतंच. दहा लाखांत 9 भागांच्या पुढे आकडा गेला की कारण शोधायला लागायचं. 70 च्या पुढे गेला की काम बंद, घरातली माणसं बाहेर, आणि आपत्कालीन सेवेला फोन. हा निर्णय मुकादमाने तिथल्या तिथे घ्यायचा असतो, कार्यालयाला विचारत बसायचं नसतं.

घर घट्ट केलं की आतल्या माणसांना ताजी हवा मोजून द्यावी लागते. अमेरिकेत यासाठी अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचं 62.2 हे मानक वापरतात. चौरस फुटांना 0.03 ने गुणायचं, बेडरूमच्या संख्येत एक मिळवून 7.5 ने गुणायचं, दोन्हींची बेरीज करायची. आपल्या 1,500 फुटांच्या तीन बेडरूमच्या घराला 45 अधिक 30, म्हणजे मिनिटाला 75 घनफूट. घर उरलेल्या फटींतून घेतं त्या हवेची थोडी वजावट मिळते. बाकीची हवा पंख्याने द्यायची. फटी बुजवायच्या आणि वर पंखा लावायचा, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. पण फटीतून येणारी हवा वाऱ्याच्या मर्जीने येते, पंख्याची हवा हिशेबाने येते.

धोक्यांची यादी इथे संपत नाही. 1978 पूर्वीच्या घरांत शिशाचा रंग असू शकतो. तो खरवडल्यावर उडणारी धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते, म्हणून 22 एप्रिल 2010 पासून अशा घरांत काम करायला वेगळं प्रशिक्षण घेतलेला माणूस बंधनकारक आहे. माळ्यावर व्हर्मिक्युलाइटचे, म्हणजे जुन्या काळी इन्सुलेशन म्हणून वापरलेल्या खनिजाचे, चमकदार दाणे दिसले तर हात लावायचा नाही. माँटाना राज्यातल्या लिबीच्या खाणीतून आलेल्या अशा मालात अ‍ॅस्बेस्टॉस हे फुप्फुसांना घातक खनिज सापडलं आहे. चिनीमातीच्या खुंट्यांवरून जाणाऱ्या जुन्या विजेच्या तारा इन्सुलेशनखाली गाडल्या तर तापतात. बाथरूमचा पंखा माळ्यातच ओल सोडत असेल, तर आधी त्याची नळी छताबाहेर काढायची.

एवढं सगळं एका माणसाला यायला हवं, हे व्यवस्थेच्या लक्षात यायला उशीर झाला. मंदीतून सावरण्यासाठी दिलेल्या 2009 च्या आर्थिक पॅकेजमध्ये या योजनेला एकदम 5 अब्ज डॉलर मिळाले. देशभर कामं निघाली, हजारो नवे हात लागले, आणि दर्जा सगळीकडे सारखा ठेवायचा कसा हा प्रश्न उभा राहिला. मग ऊर्जा खात्याने राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या मदतीने चार भूमिका ठरवल्या: कारागीर, मुकादम, ऑडिटर आणि गुणवत्ता तपासनीस. मुरलेल्या कामगारांना एकत्र बसवून प्रत्येक भूमिकेत रोज काय काय करावं लागतं, त्यासाठी काय माहीत असावं लागतं, हे बारकाईने लिहून काढलं. प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रं त्यावर बेतली. हे काम वरून लादलेल्या अभ्यासक्रमाने न करता कामगारांच्या अनुभवातून केलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

प्रशिक्षण केंद्रांत पारदर्शक भिंतींचं एक छोटं घर असतं. त्यात इवलेसे पंखे, उघडझाप होणारी दारं आणि चिमणी. शिकणारा एक पंखा चालू करतो, बेडरूमचं दार लावतो, आणि चिमणीतून वर जाणारा धूर वळून खोलीत उतरतो. भौतिकशास्त्राचं पुस्तक कधी हातात न धरलेल्या माणसालाही दाब म्हणजे काय ते तेव्हा कळतं. मुकादमाच्या शिक्षणात याखेरीज माणसं सांभाळणंही येतं: सकाळी सुरक्षेची बैठक, कामाच्या याद्या वाचणं, फोटो आणि आकड्यांची नोंद, मास्क न लावता माळ्यावर चढणाऱ्याला खाली उतरवणं, आणि घरातल्या वृद्ध जोडप्याला आज काय होणार आहे ते नीट समजावून सांगणं.

2015 पासून या योजनेतल्या प्रत्येक घराची अखेरची तपासणी प्रमाणित गुणवत्ता तपासनीसानेच करायची असते. त्याच्या मान्यतेशिवाय घर पूर्ण धरलं जात नाही.

न्यू जर्सी, मिशिगन, इलिनॉय अशा थंड राज्यांत पुष्कळ मराठी कुटुंबांची स्वतःची घरं आहेत, बरीचशी जुनी. सरकारी योजनेत ती बसणार नाहीत, काम खासगी ठेकेदाराकडूनच करून घ्यावं लागेल. त्याच्याकडे तीन आकडे लेखी मागा: कामाआधीची ब्लोअर डोअरची नोंद, कामानंतरची नोंद, आणि गॅसचं उपकरण असेल तर काम संपल्यावर सगळे पंखे चालू ठेवून घेतलेली कार्बन मोनॉक्साइडची नोंद. कामाच्या दिवशी मुकादम कोण असणार, त्याचं प्रशिक्षण कुठे झालंय, हेही विचारा. भिंती भरून घेत असाल तर रिकाम्या पिशव्या घेऊन जाण्याआधी मोजा.