संजय गांधी निराधार योजना: अर्ज, कागदपत्रे आणि मंजूर अनुदान खात्यात न येण्याची कारणे

संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी अर्ज करायचा असेल तर आधी बँकेत जा, तहसील कार्यालयात नंतर. डिसेंबर २०२४ पासूनचे अनुदान डीबीटी (थेट लाभ हस्तांतर) पोर्टलवरून थेट लाभार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात पाठवले जाते. त्याआधी तहसील कार्यालय बँकेकडे यादी पाठवायचे आणि यादीतल्या खाते क्रमांकावर रक्कम जमा व्हायची. आता खाते क्रमांक बरोबर असून भागत नाही. तालुका समितीची मंजुरी आणि प्रत्यक्ष पैसे मिळणे ही दोन वेगळी कामे झाली आहेत, आणि मंजुरीनंतरही हात रिकामे राहिलेले बहुतेक लोक दुसऱ्या कामात अडकलेले असतात.

पात्रता आधी पाहू. वय ६५ वर्षांपेक्षा कमी, महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. निराधार विधवा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता महिला, अनाथ मुले, किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या व्यक्ती, क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग, पक्षाघात अशा आजारांमुळे स्वतः कमावू न शकणारे, देवदासी, तृतीयपंथी, ३५ वर्षांवरील अविवाहित निराधार स्त्रिया हे सगळे यात येतात. वय ६५ किंवा जास्त असेल तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत अर्ज करायचा. जुलै २०२३ पासून अनुदान दरमहा १,५०० रुपये झाले आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण योजनेचा लाभ घेता येत नाही. म्हणून दोन्हीकडे अर्ज केलेल्या महिलांनी ते लपवू नये. दोन्ही याद्या आधारवर चालतात, जुळणी आज ना उद्या होतेच.

कागदपत्रांत आधार, रेशनकार्ड, वयाचा पुरावा (शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला; दोन्ही नसतील तर सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला), तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि स्वतःच्या खात्याच्या पासबुकाची पहिल्या पानाची प्रत. विधवांसाठी पतीचा मृत्यू दाखला, दिव्यांगांसाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, आजारी व्यक्तींसाठी सरकारी रुग्णालयाचा दाखला. सर्वाधिक खोळंबा होतो तो नावांवरून. आधारवर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, मृत्यू दाखल्यावर पतीच्या नावाचे तिसरेच स्पेलिंग. अर्ज भरण्याआधी आधारवरचे नाव आणि जन्मतारीख दुरुस्त करून घ्या आणि बाकी सगळे त्याप्रमाणे जुळवा. पडताळणीच्या वेळी संगणक आधारच्याच नोंदीशी तुलना करतो. आधारवरची जन्मतारीख अंदाजे टाकलेली असेल आणि शाळेचा दाखला वेगळे सांगत असेल, तर ६५ वर्षांच्या सीमेवरच्या माणसाचा अर्ज कोणत्या योजनेत घ्यायचा यावरच अडतो.

अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत किंवा सेतू केंद्रातून द्यायचा. तलाठी स्थानिक चौकशी करतो, नायब तहसीलदार छाननी करतात आणि तालुक्याची समिती निर्णय घेते. बैठका ठरावीक दिवशी होतात असे नाही, त्यामुळे पोच पावती घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. नामंजुरी झाली तर कारण लेखी मागा. तोंडी सांगितलेल्या कारणावर पुढे काहीच करता येत नाही.

आता बँकेची बाजू. ही नीट समजून घ्या, कारण तहसीलमधला कर्मचारीही अनेकदा ‘बँकेत विचारा’ एवढेच सांगतो. आधारवरून पैसे पाठवणाऱ्या व्यवस्थेत पोर्टल फक्त आधार क्रमांक आणि रक्कम पुढे पाठवते. राष्ट्रीय देयक महामंडळाच्या म्हणजे एनपीसीआयच्या मॅपरमध्ये (कोणता आधार कोणत्या बँकेशी जोडला आहे त्या यादीत) त्या आधारपुढे फक्त बँकेचे नाव नोंदलेले असते, खाते क्रमांक नाही. रक्कम त्या बँकेकडे जाते आणि बँक स्वतःच्या नोंदींतून खाते शोधून जमा करते. मॅपरमध्ये एका वेळी एकच बँक असते, शेवटी जोडलेली. म्हणूनच मोबाइलचे सिम घेताना किंवा नवे खाते उघडताना कोणी संमतीच्या चौकटीवर टिक करून घेतली, तर अनुदान न सांगता त्या नव्या खात्याकडे वळते आणि माणूस जुने पासबुक घेऊन महिनोन्‌महिने फेऱ्या मारतो. पैसा आलेलाच नाही असे समजण्याआधी घरातल्या सगळ्या खात्यांची नोंद तपासा.

दुसरा घोटाळा असा की बँक सांगते ‘आधार लिंक आहे’, आणि ते खरेही असते. पण केवायसीसाठी आधार जोडणे आणि डीबीटीसाठी मॅपरमध्ये नोंद करणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्यासाठी स्वतंत्र संमती अर्ज भरावा लागतो. आधी दुसरी बँक जोडलेली असेल तर त्या अर्जात तिचे नाव लिहावे. नोंद झाली का हे माय-आधार संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसते, त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा, कारण ओटीपी त्यावर येतो. तिथे बँकेचे नाव आणि सक्रिय असल्याची नोंद दिसेपर्यंत तहसीलकडे तक्रार करून उपयोग नाही.

संयुक्त खाते, विशेषतः मुलासोबतचे, शक्यतो टाळावे. बँक आधारवरून खाते शोधते तेव्हा गोंधळ होतो आणि पैसा कोणाच्या हातात पडेल हेही सांगता येत नाही. केवायसी जुनी असल्याने खाते गोठले असेल तर आलेली रक्कमही परत जाऊ शकते. जवळ बँकच नसेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते पोस्टमन घरी येऊन उघडतो आणि आधारची जोडणी तिथेच होते. चालता न येणाऱ्या माणसासाठी आम्ही हाच मार्ग सुचवतो.

म्हाताऱ्या आणि कष्टकरी हातांचे ठसे यंत्राला पटत नाहीत, हे रोजचे आहे. आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या, बुबुळांची नोंदही करा, आणि अंगठ्यावर पैसे काढताना प्रत्येक वेळी छापील पावती मागा. पावती न देता अंगठा ‘लागला नाही’ म्हणणाऱ्याकडे लगेच दुसऱ्यांदा अंगठा ठेवू नका. आधी पासबुक भरून पाहा. आधार क्रमांकच मिळालेला नसेल, तर आधार कायद्याच्या कलम ७ मध्ये इतर ओळखपत्रावर लाभ देण्याची तरतूद आहे. आधारसाठी नोंदणी केल्याची पावती आणि दुसरे ओळखपत्र घेऊन लेखी अर्ज द्यावा.

मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. तो चुकला की अनुदान थांबते आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या बाबतीत हेच सर्वाधिक घडते. त्यांच्यासाठी नातेवाइकांनी आधीच तलाठ्याला घरी येऊन पडताळणी करण्याची लेखी विनंती करावी. आणि बँकेची चूक दुरुस्त झाल्यावर परत गेलेले हप्ते आपोआप येतील असे धरून चालू नका. सीडिंगच्या नोंदीची प्रिंट, पासबुकाचे भरलेले पान आणि कोणत्या महिन्यांचे अनुदान आले नाही त्याची यादी जोडून संजय गांधी शाखेत थकीत रकमेचा अर्ज द्या आणि त्याचीही पोच घ्या.