रोटाव्हायरसची लस: संसर्ग नव्हे, तीव्रता रोखण्यासाठी

बालकांच्या अतिसाराचे कारण बराच काळ जिवाणू आणि दूषित पाणी यांतच शोधले जात असे, आणि बहुतेक रुग्णांत ते सापडतही नसे. १९७३ मध्ये मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांना आजारी मुलांच्या लहान आतड्याच्या ऊतींत एक विषाणू दिसला; चाकासारख्या आकारामुळे पुढे त्याला रोटाव्हायरस म्हटले गेले. हा विषाणू स्वच्छतेला फारशी दाद देत नाही. देश श्रीमंत असो वा गरीब, पाच वर्षांच्या आत तो जवळपास प्रत्येक मुलाला गाठतो. मूल दगावणार की वाचणार, हे मात्र जलसंजीवनी किंवा सलाईन वेळेवर मिळते की नाही यावर ठरते.

मेक्सिकोत बालकांना जन्मापासून दोन वर्षांचे होईपर्यंत निरीक्षणाखाली ठेवून केलेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. नैसर्गिक संसर्ग दोनदा होऊन गेलेल्या मुलांना पुन्हा संसर्ग होत असला, तरी मध्यम किंवा तीव्र अतिसार होत नाही, असे त्यात आढळले. लसीकडून नेमके हेच अपेक्षित होते, त्यामुळे तिचे मोजमाप मुख्यतः तीव्र आजारावरच केले जाते.

अमेरिकेत १९९८ मध्ये परवाना मिळालेली रोटाशील्ड ही पहिली लस १९९९ मध्येच मागे घेतली गेली, कारण साधारण दहा हजारांत एका बाळाच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकत असल्याचे लक्षात आले. तिथे तो निर्णय योग्यच होता. पण जिथे अतिसाराने मुले मोठ्या संख्येने मरत होती, तिथे हेच गणित उलटे ठरले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही. नंतरच्या रोटारिक्स आणि रोटाटेक या लसींच्या चाचण्या हा धोका पडताळण्यासाठी प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बालकांवर झाल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झाल्या.

मेक्सिकोत लसीकरण सुरू झाल्यानंतर, २००८ मध्ये, पाच वर्षांखालील मुलांतील अतिसाराचा मृत्युदर आधीच्या तुलनेत सुमारे ३५ टक्क्यांनी घटला. आफ्रिकेतील चाचणीत तीव्र आजाराविरुद्ध लसीची परिणामकारकता दक्षिण आफ्रिकेत सुमारे ७७, तर मलावीत अवघी ४९ टक्के भरली. तरीही, आजाराचे मूळ प्रमाणच अधिक असल्याने, दर शंभर लसीकृत बालकांमागे टळलेले तीव्र आजार मलावीतच जास्त होते.