थ्रीडी विणीचं कंपोझिट सगळ्याच बाजूंनी मजबूत? नाही

विट्याच्या यंत्रमागवाल्यांपासून मिरजेच्या एमआयडीसीपर्यंत एक समज पक्का बसलाय: कार्बन फायबरच्या कापडात ताणा-बाण्याखेरीज (लांबीचे आणि रुंदीचे धागे) जाडीतून तिसरा धागा घातला, म्हणजे थ्रीडी वीण केली, की कंपोझिट (असं कापड रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, बसवून केलेला पदार्थ) सगळ्याच दिशांनी जास्त मजबूत होतं. हे अर्धंच खरं आहे.

थर चिकटवून केलेल्या कंपोझिटमध्ये दोन थरांना नुसतं रेझिन धरून ठेवतं. मार बसला की थर सुटतात. तिसरा धागा ते सुटणं रोखतो, आणि ही कमाई खरंच मोठी आहे. लीप विमान इंजिनाच्या पंख्याची पाती अशीच विणतात.

पण किंमत मोजावी लागते. तो धागा जागा खातो, तेवढे ताणा-बाणा कमी बसतात. त्यात तो त्यांना वाकवतो, हे ज्यानं मागावर कापड भिंगाखाली पाहिलंय त्याला सांगायला नको. कार्बनचा तंतू सरळ असेल तरच पूर्ण भार पेलतो. वाकलेला तंतू दाबाखाली लवकर मोडतो. मागावर घासून काही तंतू तुटतात ते वेगळंच. म्हणून सपाटीच्या दिशेत ताठपणा आणि ताकद सरळ तंतूंच्या थरांपेक्षा बहुधा कमीच भरते. ताणा-बाणा न गुंतवता सरळ ठेवणाऱ्या काटकोनी विणीत हा तोटा कमी होतो.